धूळ आणि तीळ
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी चार शब्द बोलावेत असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी विचारले, "कशावर बोलू?" त्या म्हणाल्या, "मंडळाचा कॅमेरा इतकी वर्षे तुमच्याकडे आहे, त्याच्यावरच बोला." मी हो म्हटले खरे, पण घरी गेल्यावर ध्यानात आले की, फोटो कसे काढावेत हे चारचौघींना सांगण्याइतकी मी काही मोठी छायाचित्रकार नव्हे. मला जर खरोखर एखादी गोष्ट नीट करता येत असेल, तर ती म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली धूळ काढणे. आणि तीही मी शिकले ती एक मोठी चूक करून बसल्यावर. तेव्हा आज मी धुळीवरच बोलणार आहे.

धूळ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत काही जणी हसल्या. हसणे साहजिक आहे. सोलापुरात राहून धुळीवर भाषण ते काय करायचे? चैत्र-वैशाखात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. ज्यांच्या शेजारी यंत्रमाग चालतात त्यांना तर सुताचे बारीक तंतू घरभर कसे उडतात हे सांगायलाच नको. धूळ आणि आपण, हा जन्माचा सामना. केरसुणी, ओले फडके, आणि यातले काहीच हाताशी नसले तर पदर, ही आपली शस्त्रे. पण एक जागा अशी आहे की तिथे या तिन्ही शस्त्रांना बंदी आहे. तिथे आपल्या सफाईच्या हौसेनेच जास्त नुकसान होते. ती जागा म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर.

आधी झालेली हकीकत सांगते.

२०१६ साली आपण वर्गणी काढून मंडळासाठी कॅमेरा घेतला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. भिंगे बदलता येतात असा तो कॅमेरा. जवळचे टिपायला एक भिंग, लांबचे टिपायला दुसरे. २०२३ च्या जानेवारीत मी तो घेऊन सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला गेले. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त ते उंच नंदीध्वज पेलून चालले होते. सातही नंदीध्वज एका फोटोत यावेत म्हणून मी भर गर्दीत, उडत्या धुळीत उभ्या उभ्या भिंग बदलले. फोटो चांगले आले; परंतु घरी येऊन पाहते तो आकाशात चार-पाच करडे ठिपके. मला वाटले, भिंग मळले असेल. मी पदराने भिंग पुसले आणि कॅमेरा कपाटात ठेवला. ठिपक्यांचे काही पुढे मनावर घेतले नाही.

पुढच्याच महिन्यात आपल्या स्मरणिकेसाठी मंडळाच्या बारा ज्येष्ठ सभासदांचे फोटो काढायचे ठरले. आपल्या अंगणात, भर उन्हात, त्या पांढऱ्या भिंतीपुढे एकेकीला बसवून मी फोटो काढले. संगणकावर पाहिले तो तेच ठिपके. कुणाच्या कपाळाशी, कुणाच्या खांद्याशी, कुणाच्या मागे भिंतीवर. छापखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो द्यायचे होते. संगणकात डाग घालवण्याची सोय असते. डागावर टिचकी मारली की शेजारची जागा त्यावर ठिगळासारखी, पण बेमालूम, येऊन बसते. रात्री अकरापासून दोनपर्यंत बसून मी बाराही फोटोंतले ठिपके एकेक करून उडवले. पडद्यावर फोटो इतका मोठा करून पाहत होते की चेहरा दिसतच नव्हता, नुसती कातडी दिसत होती. जो म्हणून काळा ठिपका दिसला तो मी पुसला.

स्मरणिका निघाली. सर्वांनी फोटोंची तारीफ केली. आपल्या मंडळाच्या पहिल्या खजिनदार, ज्यांना आपण सगळ्या माई म्हणत असू, त्यांनी स्मरणिका हातात घेऊन आपला फोटो बराच वेळ पाहिला आणि "छान आलाय हो," एवढेच म्हणाल्या.

२०२४ च्या पावसाळ्यात माई गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांची लेक माझ्याकडे आली. माईंचा तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. मी मोठ्या आनंदाने तो छापून तिच्या हाती दिला. तिने तो पाहिला, पुन्हा पाहिला, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला आणि मला म्हणाली, "मावशी, आईचा तीळ कुठे गेला हो?"

मैत्रिणींनो, माईंच्या उजव्या गालावर, ओठाच्या जरा वर, एक तीळ होता. तो मी वीस वर्षे पाहत आले होते. माई हसल्या की तो गालात चढायचा. धूळ समजून मी तो पुसून टाकला होता. स्मरणिकेतला फोटो बोटभर, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. की माईंच्या लक्षात आले होते? त्या बराच वेळ फोटो पाहत होत्या, ते कशासाठी? हे आता कुणाला विचारणार?

मी त्या मुलीला म्हटले, "चार दिवस थांब. तुझ्या आईचा तीळ मी तुला परत आणून देते." असे म्हणाले खरे, पण त्या वेळी माझे मलाच ठाऊक नव्हते की, कोणता ठिपका माईंचा आणि कोणता धुळीचा हे कसे ओळखायचे.

ती गेल्यावर रागाच्या भरात मी दुसरी चूक केली. कॅमेऱ्याचे भिंग काढले, बटण दाबून आतला आरसा वर केला आणि चुलीत मारावी तशी जोराने फुंकर मारली. पुन्हा फोटो काढून पाहिला. आधी पाच ठिपके होते. आता त्यांत थुंकीच्या बारीक थेंबांचे वीस-पंचवीस डाग नव्याने आले होते. तेव्हा मात्र कॅमेरा पिशवीत घातला आणि दुरुस्तीच्या दुकानी गेले. दुकान चालवणारे गृहस्थ सत्तरीचे. रिळांच्या कॅमेऱ्यांपासून त्यांचा हात या कामात. त्यांनी आत डोकावून पाहिले आणि विचारले,

"ताई, फुंकर मारलीत?"

"हो."

"आत पदर-बिदर लावला नाहीत ना?"

"नाही."

"मग वाचलात. फुंकर धुऊन निघते. ओरखडा निघत नाही."

त्या दिवशी आणि पुढे दोन-तीन वेळा त्यांच्यासमोर बसून मी जे शिकले, ते आता आपल्याला सांगते.

पहिली गोष्ट, ही धूळ येते कुठून आणि पूर्वी ती का दिसत नसे? आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनींना छत्तीस फोटोंचे रीळ आठवत असेल. रिळाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे येई. एखादा कण त्यावर बसला तर तो बहुधा त्या एका फोटोपुरता. पुढच्या फोटोला कोरे पान. डिजिटल कॅमेऱ्यात तसे नाही. इथे पहिल्या फोटोपासून दहाहजाराव्या फोटोपर्यंत एकच पाटी असते. तिलाच सेन्सर म्हणतात. प्रकाशाचे विजेत रूपांतर करून चित्र टिपणाऱ्या अशा एका पाटीची, म्हणजे सीसीडीची, कल्पना १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी मांडली. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतली पाटी जरा वेगळ्या बनावटीची असते. परंतु धुळीच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. पाटीवरचे चित्र दर वेळी पुसले जाते; तिच्यावर बसलेला कण मात्र तसाच राहतो आणि प्रत्येक फोटोत हजेरी लावतो.

आपल्या मोबाइलमध्ये हा त्रास का नसतो, असे कुणी विचारील. मोबाइलचे भिंग आपण कधी काढत नाही, त्यामुळे आत धूळ शिरायला वाट जवळजवळ नसते. तिथे मळते ती बाहेरची काच, आणि ती मऊ कापडाने पुसली की काम झाले. आपल्या कॅमेऱ्याचे भिंग निघते. ते निघाले की घराचे दार सताड उघडे पडते.

आता या पाटीचे माप पाहा. आपल्या कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे टपालाच्या लहान तिकिटाएवढा. एवढ्याशा जागेत दोन कोटी चाळीस लाख बिंदू आहेत. एका मिलिमीटरात अडीचशे बिंदू शेजारी शेजारी बसतात. बारा इंच रुंदीचा फोटो छापला की या पाटीवरची प्रत्येक गोष्ट तेरापट मोठी होते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी सावली पाटीवर पडली तर कागदावर ती मोहरीएवढी उमटते. मोहरीएवढीच का? कारण माईंचा तीळही तेवढाच होता.

एक गोष्ट समाधानाची आहे. धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे एक पातळ काच असते आणि धूळ त्या काचेवर बसते. आपण साफ करतो ती ही काच. पण म्हणून तिला खिडकीची काच समजू नये. तिच्यावर नाजूक लेप असतात आणि तिच्यावर ओरखडा पडला तर तो प्रत्येक फोटोत कायमचा.

धूळ काचेवर आणि चित्र त्याच्या किंचित मागे, म्हणून आपल्याला दिसतो तो कण नव्हे, कणाची सावली. यातूनच एक कोडे सुटते. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोंत ठिपके नव्हते आणि अंगणातल्या फोटोंत होते, असे का? वीज गेल्यावर मेणबत्तीसमोर हात धरला तर भिंतीवर ठळक सावली पडते. लांबलचक ट्यूबलाइटसमोर धरला तर पुसट, असून नसल्यासारखी. उजेडाचे तोंड लहान तर सावली ठळक, तोंड मोठे तर सावली विरलेली. कॅमेऱ्याच्या भिंगातही उजेड येण्याचे छिद्र लहानमोठे करता येते. अंधुक जागी आपण ते मोठे ठेवतो, तेव्हा धुळीची सावली विरून जाते. भर उन्हात ते बारीक करतो, म्हणजे एफ सोळा वगैरे आकड्यावर नेतो, तेव्हा तीच सावली ठळक उठते. आकडा मोठा तर छिद्र लहान, हा उलटा हिशेब तेवढा ध्यानात ठेवावा. माझे अंगणातले फोटो एफ सोळावर काढलेले होते. धूळ रोजचीच होती. उन्हाने ती उघडी पाडली इतकेच.

धूळ आहे की नाही हे पाहण्याची रीतही यावरूनच ठरते. छिद्र एफ सोळा किंवा बावीस इतके बारीक करावे. सेन्सरची संवेदनक्षमता, ज्याला आयएसओ म्हणतात, ती शंभरावर ठेवावी. भिंग मुद्दाम अस्पष्ट करावे आणि एका कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा स्वच्छ आकाशाचा फोटो काढावा. काढताना कॅमेरा किंचित हलवला तरी चालेल. उलट बरेच, कारण भिंतीवरचा डाग असेल तर तो फराटला जाईल आणि धुळीचा ठिपका जागच्या जागी राहील. असे दोन-तीन फोटो काढून एकापुढे एक लावून पाहावेत. जो ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी आहे, तो धुळीचा. जो जागा बदलतो, तो त्या वस्तूचा, त्या माणसाचा.

हे मला ज्या क्षणी समजले त्या क्षणी मी घरी धावले. मूळ फोटो संगणकात सुखरूप होते. मी पुसले होते ते त्यांच्या प्रतींवर. बाराही मूळ फोटो मी ओळीने लावले. डावीकडे वर एक ठिपका, बाराही फोटोंत. मध्यापासून जरा खाली एक, बाराही फोटोंत. असे पाच. आणि उजव्या गालावरचा, ओठाच्या वरचा ठिपका, फक्त माईंच्या फोटोत. डोळ्यांत पाणी आले. ही रीत त्या रात्री मला ठाऊक असती तर पाच मिनिटांचे काम होते. मी ठिपके पाहिले. पण ते कुणाचे हे विचारले नाही.

आता प्रत्यक्ष सफाई. ती तीन पायऱ्यांनी करावयाची आणि पहिल्या पायरीवर काम भागले तर दुसरीवर जायचे नाही. आपल्याला घासूनपुसून लख्ख करण्याची सवय. इथे कमीत कमी हात लावील ती सुगरण.

पहिली पायरी, कॅमेऱ्याला स्वतःचे स्वतः करू द्यावे. २००३ साली ऑलिंपस कंपनीने ई-१ नावाच्या कॅमेऱ्यात अशी सोय प्रथम आणली की, पुढची काच अतिशय वेगाने थरथरते आणि धूळ झटकली जाते. आपण धान्य पाखडताना सूप झटकतो, तसेच. पुढे २००६ पासून इतर कंपन्यांनीही आपापल्या कॅमेऱ्यांत अशा सोयी आणल्या. पुष्कळ कॅमेऱ्यांत चालू-बंद करताना हे आपोआप होते. कोरडी, सुटी धूळ यानेच बरीच जाते. चिकटलेली मात्र जात नाही.

दुसरी पायरी हवेची. यासाठी रबरी ब्लोअर मिळतो. तान्ह्या मुलाचे नाक साफ करायला रबरी फुगा असतो ना, त्याचाच मोठा भाऊ. आधी खोलीतला पंखा बंद करावा. अर्धा तास आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी म्हणजे उडती धूळ बसते. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. हे फार महत्त्वाचे आहे. सेन्सरच्या पुढे आरसा आणि पडदा असतो. सफाईसाठी ते उघडे धरून ठेवण्याची सोय कॅमेऱ्याच्या यादीत असते. तीच वापरावी. मध्येच बॅटरी संपली तर आरसा आणि पडदा धाडकन मिटतात, आणि त्या वेळी आत आपली काडी असली तर पडदा मोडलाच म्हणून समजावे. मी बटण दाबून धरले होते, ती रीत चुकीची. बोट सुटले की पडदा पडतो.

ब्लोअर आधी बाहेर दोन-चार वेळा दाबून त्याच्या आतली धूळ उडवावी. मग कॅमेरा तोंड खाली करून धरावा, म्हणजे निघालेला कण खाली पडेल, आत फिरत राहणार नाही. ब्लोअरचे टोक भिंग बसवण्याच्या कड्याच्या आत न नेता आठ-दहा वेळा हवा मारावी. संगणक साफ करायला हवेचे दाबाचे डबे मिळतात, ते इथे वापरू नयेत. त्यांतला द्रव कधी कधी तुषारासारखा उडतो आणि काचेवर डाग ठेवतो. आणि तोंडाने फुंकर? तिचे फळ मी आपल्याला सांगितलेच आहे.

पुन्हा भिंतीचा फोटो काढून पाहावा. बहुतेक वेळा काम इथेच संपते. एखादा ठिपका राहिला आणि तो एफ आठवर दिसतच नसेल, तर त्याला सोडून द्यावे. प्रत्येक कणामागे लागू नये.

तिसरी पायरी ओल्या सफाईची, आणि ती हवेने न निघणाऱ्या डागांपुरतीच. माझे थुंकीचे डाग याच पायरीने गेले. यासाठी सेन्सरच्या रुंदीच्या मापाच्या चपट्या काड्या मिळतात, त्यांना स्वॉब म्हणतात. टोकाला तंतू न सुटणारे स्वच्छ कापड असते. सोबत खास द्रव असतो. पुष्कळदा ते शुद्ध मिथेनॉल असते. ते विषारी आहे आणि चटकन पेटते. तेव्हा समोर निरांजन किंवा शेगडी चालू असताना ती बाटली उघडू नये, आणि नातवंडांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

काडीच्या टोकावर दोनच थेंब टाकावेत आणि ते कापडात जिरू द्यावेत. काचेवर थेंब कधीही टाकू नये. काडी काचेच्या एका कडेला हलके टेकवून, तिरकी धरून, दुसऱ्या कडेपर्यंत एका संथ हाताने ओढावी. मध्ये थांबू नये, दाबू नये. काडी उलटी करून दुसऱ्या बाजूने तसेच परत यावे. झाले. ती काडी टाकून द्यावी. "एवढी महाग काडी, आणखी एकदा फिरवू या," असे आपल्या मनात येते, मलाही आले. पण पहिल्या फेरीत उचललेला वाळूचा कण दुसऱ्या फेरीत काच ओरखडतो. इथे काटकसर महाग पडते. कापसाच्या कानकाड्या, नेलपॉलिश काढण्याचा द्रव, घरातले स्पिरिट, काचेचा फवारा आणि आपला पदर, यांतले काहीही इथे चालत नाही.

डाग नेमका कुठे आहे हे शोधण्याची एक खूण आहे. भिंग चित्र उलटे पाडते. कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिले तर फोटोत वर दिसणारा ठिपका काचेच्या खालच्या बाजूला असतो. डावे-उजवे मात्र बदलत नाही. फोटोत डावीकडे वर, तर काचेवर डावीकडे खाली. मी आधी याच्या उलट समजले होते आणि निष्कारण दुसऱ्याच कोपऱ्यात हवा मारत बसले होते.

हल्ली नव्या कॅमेऱ्यांत आरसा नसतो. त्यांत भिंग काढले की पुष्कळदा सेन्सर समोर उघडाच दिसतो, आणि काहींत तो हात हलला तर सावरून घेण्यासाठी तरंगता बसवलेला असतो. ज्यांच्या मुलांकडे असे कॅमेरे आहेत त्यांनी ओल्या सफाईच्या आधी त्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका जरूर वाचावी आणि मन धजत नसेल तर जाणत्याच्या हाती द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः पहिल्या दोन वेळा शेजारी बसून पाहिले. तिसऱ्या वेळी त्या गृहस्थांनी काडी माझ्या हाती दिली. हात कापत होता. ते म्हणाले, "ताई, मुलाच्या डोळ्यांत औषध घालता ना? तेवढाच हात हलका ठेवा." मग कापरे थांबले.

पण सगळ्यांत चांगली सफाई ती, जी करावीच लागत नाही. भिंग बदलताना कॅमेरा बंद करावा, त्याचे तोंड खाली ठेवावे, दुसरे भिंग आधीच हाताशी तयार ठेवावे. पंख्याखाली, वाऱ्यात, रस्त्यावर बदलू नये. कुंकू, हळद, गुलाल, अंगारा उडत असेल तिथे तर मुळीच नाही. भिंगाची मागची टोपी आणि कॅमेऱ्याची टोपी या दोन्ही आतून साफ ठेवाव्यात. आपण टोपीतली धूळच कितीदा आत झाकून ठेवतो. गड्ड्याच्या यात्रेत मी जे केले ते पुन्हा केले नाही. आता यात्रेला जाताना एकच भिंग लावून जाते. सातही नंदीध्वज एका फोटोत आले नाहीत तर दोन फोटो काढते.

माईंच्या फोटोचे पुढे काय झाले ते सांगून संपवते. मूळ फोटो घेतला. धुळीचे पाच ठिपके, आणि पाचच, मोजून पुसले. तीळ जिथे होता तिथे राहिला. फोटो नव्याने छापून मी स्वतः माईंच्या घरी गेले. लेकीने तो हातात घेतला, काही बोलली नाही, बोटाने तिळाजवळ अलगद हात लावला. मग उठून चहा टाकला. तो फोटो आज त्यांच्या बैठकीत आहे. पूर्वीची प्रत मी मागून घेतली आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. पिशवी उघडली की ती आधी दिसते.

राहिलेल्या अकरा फोटोंचेही मी तसेच केले. आणखी दोघींच्या चेहऱ्यावरच्या खुणा मी पुसल्या होत्या, असे निघाले. एकीच्या भुवईवरचा लहानपणचा व्रण आणि एकीच्या हनुवटीवरचे गोंदण. त्या दोघीही आज समोर बसल्या आहेत. त्यांची मी माफी मागितली आहे, आज सर्वांसमक्ष पुन्हा मागते. यंदाच्या स्मरणिकेत ते बाराही फोटो जसे होते तसे पुन्हा छापावेत अशी विनंती मी संपादक मंडळाला केली आणि त्यांनी ती मान्य केली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. मंडळाच्या कॅमेऱ्यासाठी एक वही ठेवावी. दर तीन महिन्यांनी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा, किती ठिपके दिसले आणि काय केले ते तारखेसह लिहावे. आणि ज्यांचे फोटो आपण काढतो त्यांना छापण्यापूर्वी एकदा दाखवावे. आपल्या चेहऱ्यावर काय आपले आणि काय धुळीचे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

ज्यांना हे काम शिकायची इच्छा असेल त्यांनी येत्या शनिवारी दुपारी भजनाच्या आधी अर्धा तास यावे. ब्लोअर मी आणीन. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल, याची मनाची तयारी करून यावे.